अध्यक्षांची कवळी

"रविवारी इमारतीची मीटिंग आहे, त्याआधी कवळी हवी," खुर्चीत आडवे पडलेले अध्यक्ष बोळक्या तोंडाने म्हणाले. दातांच्या डॉक्टरांनी मान हलवली आणि मागच्या खोलीतून कवळ्या घडवणाऱ्याला बोलावलं. तो अध्यक्षांच्याच इमारतीत राहायचा, पण तोंडावर मास्क होता. अध्यक्षांनी ओळखलं नाही.

गप्पांच्या ओघात त्यांनी डॉक्टरांना हल्लीच्या पोरांचं रडगाणं ऐकवलं. मग हसून म्हणाले, "मागं माझ्या स्कूटरची सीट फाटली. फाडली मांजरानं, मी नंतर डोळ्यांनी बघितलं. पण पोरांवर वचक बसला ना!"

कारागिराच्या हातातलं मेण जागीच थांबलं.

त्या सीटपायी अध्यक्षांनी लिफ्टमध्ये फोटो लावला होता. 'या टोळीवर लक्ष ठेवा.' जिन्यात बसून अभ्यास करणारी चार मुलं, आणि सगळ्यांत पुढे त्याची सतरा वर्षांची लेक. ती लिफ्टमध्ये शिरली की बायका पर्स छातीशी धरायच्या. तिने महिनाभर सोसलं, मग बॅग भरून मावशीकडे गेली. त्याला आठ महिने झाले होते. फोटो अजून तिथेच होता.

कवळी त्याने जीव ओतून केली. कामात खोट ठेवली असती तर बोल डॉक्टरांना लागला असता. रविवारी "मीच नेऊन देतो" म्हणाला आणि डबी खिशात घालून थेट मीटिंगला गेला.

अध्यक्ष तोंडावर रुमाल धरून बसले होते. डबी पाहताच त्यांनी हात पुढे केला. त्याने दिली नाही. लिफ्टमधला फोटो तो काढून घेऊन आला होता. तो त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला.

"आधी मांजराचं सांगा," तो म्हणाला. "सगळ्यांना ऐकू जाईल असं."

अध्यक्षांनी डॉक्टरांकडे तक्रार करायची धमकी दिली. तो म्हणाला, खुशाल करा. शेवटी रुमाल खाली आला. बोळक्या तोंडातून 'स' निघेना, 'फ' नुसताच हवेत फुसकन जाई. मागच्या बाकांवर कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळी खोली हसली. त्याने शेवटचा शब्द होईपर्यंत डबी हातात धरून ठेवली.

घरी येऊन त्याने लेकीला फोन लावला आणि सगळं रंगवून सांगितलं.

"सगळ्यांसमोर, बाबा? दात नसताना?"

"तुझा फोटोही सगळ्यांसमोरच होता."

"म्हणून तर विचारतेय."

घरी कधी येतेस, असं त्याने विचारल्यावर ती म्हणाली, बघते. मग मावशीने जेवायला हाक मारली आणि तिने फोन ठेवला.

सकाळी तो कामावर गेला. डॉक्टर दारातच उभे होते, हातात त्याच्या हत्यारांची पिशवी. त्याने ती घेतली आणि तसाच परत फिरला.