‘फुटली’ म्हणून सांगितलेली तबकडी

मित्रांनो, माझा वाकडा काठ पाहून हसू नका. मी एक जुनी गाण्याची तबकडी आहे. लाखेचा काळा लगदा तापवून, दाबून मला घडवलं आणि माझ्या अंगावर चंद्रावती पेडणेकर या गायिकेचा मुलतानी राग कोरला. जेमतेम सव्वातीन मिनिटांचा. जन्मापासून मला एकच दुःख आहे. पोटात गाणं असूनही सुई टेकल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही.

गोव्यातल्या हरमलच्या शांताराम मास्तरांनी मला बेळगावच्या जुन्या बाजारातून शोधून आणलं. ते डिचोलीच्या शाळेत शिकवत. तिथल्याच खाणीच्या कचेरीतले कारकून मधुकर हे त्यांचे जिवलग मित्र. दर रविवारी दुपारी मधुकरांच्या घरी चार-सहा जण जमत. प्रत्येकाने आपली आवडती रेकॉर्ड आणायची आणि ती का आवडते ते सांगायचं, असा नेम होता. कुणी सतारीवरचा सारंग आणी, कुणी सनई. माझी पाळी आली की मास्तर बोट वर करत. "आता आयका हां, निषादावर कशी थांबते ती!" त्या जागेवर मधुकरांची मांडीवर थाप ठरलेली. बसच्या धक्क्यांनी मी फुटेन म्हणून मास्तर मला तिथेच ठेवून जात.

शहाऐंशी साली राजभाषेचा वाद पेटला. मास्तर कोंकणीच्या बाजूचे, मधुकर मराठीच्या. एका रविवारी मी फिरत असतानाच दोघांची जुंपली. कशावरून, तर चंद्रावतीबाई घरात कोंकणी बोलायच्या की मराठी! माझ्यातली बंदिश तर ब्रजभाषेत होती, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मास्तर तरातरा निघून गेले.

आठवड्याने ते दारात उभे राहिले. "मधू, म्हजी रेकॉर्ड दी म्हाका."

मधुकर उंबऱ्याच्या आतूनच म्हणाले, "फुटली."

मी आतल्या खोलीत धडधाकट होते, मित्रांनो! मला ओरडायचं होतं.

मास्तर पायरीवरच बसले. मधुकरांच्या पत्नी सुलोचनाबाईंनी त्यांना पाणी दिलं. मी फुटले, हे बाईंनाही खरंच वाटलं होतं. पाणी पिऊन मास्तर हळूच म्हणाले, "कुडके तरी दी."

"तुकडे टाकून दिले," मधुकर म्हणाले.

त्याच दिवशी मला लोखंडी कपाटात, फायलींच्या गठ्ठ्याखाली आडवं सरकवलं गेलं. किल्ली मधुकरांच्या खिशात. कपाटामागची भिंत पश्चिमेची. उन्हाळ्यात ते भट्टीसारखं तापे. वरून फायलींचं ओझं, खालून फळीची कड. मी हळूहळू वाकू लागले. गोवा घटक राज्य झालं, तेव्हाचे फटाके मी बंद दारामागूनच ऐकले. रविवारची बैठक तर केव्हाच मोडली होती.

एकदा सुलोचनाबाई माहेरी गेल्या असताना मधुकरांनी मला बाहेर काढलं. दारं-खिडक्या लावल्या, आवाज अगदी बारीक केला आणि सुई टेकवली. पहिलाच सूर निघाला, तोच शेजारच्या अंगणात कुणीतरी खोकलं. मधुकरांनी दचकून सुई उचलली. त्या दिवशी मला कळलं, की कपाटात मी एकटीच कोंडलेली नाही.

मला कोंडल्याला चार वर्षं झाली, तेव्हा घराला रंग द्यायचं ठरलं. कपाट हलवायचं म्हणून मधुकरांना ते उघडून रिकामं करावं लागलं. सुलोचनाबाईंच्या हाताला मी लागले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुकडे मागायला आला होता तो," त्या म्हणाल्या. "पायरीवर बसला होता. मीच पाणी दिलं त्याला."

मधुकर खाली वाकून फायली रचू लागले.

"उद्या सकाळच्या बसने हरमलला जा. मी येणार नाही. तुमचं तुम्ही सांगा."

दुसऱ्या दिवशी बस, मग फेरीबोट, पुन्हा बस. सगळ्या वाटेत मधुकरांनी मला मांडीवर घट्ट धरलं होतं. मास्तर आता निवृत्त होऊन हरमलच्या घरी ओटीवर बसलेले होते. त्यांनी पिशवीतून मला काढलं, काठावरून बोट फिरवलं.

"फुटली म्हणिल्लें मगे?"

"खोटं बोललो मी, शांताराम."

मास्तर मला आत घेऊन गेले. त्यांनी सुई टेकवली आणि माझी मलाच लाज वाटली. वाकड्या काठावर सुई होडीसारखी हेलकावत होती. बाईंचा सूर कधी वर जाई, कधी खाली घसरे. मधुकरांनी मान खाली घातली. पण मधल्या भागात मी अजून सपाट होते. सुई तिथवर आली, तसा आवाज स्थिर झाला आणि शेवटची काही आवर्तनं स्वच्छ वाजली. दोघे श्वास रोखून ऐकत होते.

गाणं संपलं. मास्तरांनी डोळे पुसले. माफ केलं, असं ते म्हणाले नाहीत. चहा आला, तो पिऊन झाला. मधुकर चपला घालू लागले, तेव्हा मास्तर म्हणाले, "फुडल्या आयताराक यो. रेकॉर्ड मात्र हांगाच उरतली."

मित्रांनो, पुढचा रविवार ठरला, पण माझं अर्धं गाणं गेलं ते गेलंच. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला उन्हापासून जपा, आडवी नाही, उभी ठेवा. आणि तिला ऐकायला कुणी दाराशी आलं, तर त्याला आत बोलवा.