ब्याऐंशी गुण

डॉक्टर दयानंद हुक्केरी नापास झाले, तेही तिसऱ्यांदा. तीस वर्षांत शेकडो मूत्रपिंडं दुर्बिणीतून काढलेला हा माणूस, आणि त्याला नापास कुणी केलं, तर प्लास्टिकच्या पोटाच्या एका यंत्रानं. व्हाइटफील्डच्या त्या रुग्णालयात नवा नियम आला होता: सिम्युलेटरवर ऐंशी गुण मिळाल्याशिवाय दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला हात लावायचा नाही. नियम करणाऱ्यांपैकी कुणी जन्मात सुरी धरलेली नव्हती, त्यामुळे त्यांना शंका म्हणून आली नाही.

इकडे महिन्याभरावर कस्तुराबाईंचं ऑपरेशन होतं. बाई निपाणीहून येणार होत्या, त्या "करायचं तर तुम्हीच करा, अण्णा" या एकाच अटीवर. अडला हरी म्हणतात ना, पण इथं पाय धरायला गाढवही नव्हतं, नुसता पडदा होता. शेवटी दयानंद आपल्याच शिष्याकडे, नागपूरच्या निहारकडे, शिकायला बसले. निहारला अठ्ठ्याण्णव मिळाले होते.

"सर, रक्त आलं की तुम्ही गॉज दाबून थांबता. मशीन तो वेळ वाया गेला असं धरते."

"मग काय रक्ताच्या डबक्यात न बघता क्लिप मारू?"

"मशीनवर रक्त दर वेळी त्याच जागी येतं. लगेच क्लिप मारायची, मोकळं व्हायचं."

"सरी," दयानंद कानडीत 'बरं' म्हणाले.

तीन आठवडे ते रोज पहाटे येऊन बसले. दाबायचं नाही, थांबायचं नाही, क्लिप. ब्याऐंशी गुण मिळाले. ऑफिसनं त्यांचा फोटो फलकावर लावला आणि खुळ्यासारखा त्यांना आनंदही झाला.

सोमवारी कस्तुराबाई टेबलावर होत्या आणि कॅमेरा निहारच्या हातात होता. मूत्रपिंड अर्धं सुटलं आणि पडदा एकदम लाल झाला. कळायच्या आत दयानंदांचा हात क्लिप घेऊन निघाला. त्या लालभडक डबक्याखाली मोठी शीर होती. ती फाटली असती तर बाई पुन्हा निपाणीला गेल्या नसत्या.

"सर, दाबा," निहार म्हणाला. "आधी दाबा."

हात थबकला. गॉज आत गेलं. चार मिनिटं ते दाबून थांबले. मग दिसलं, गळत होती ती एक बारीकशी शीर, पार दुसऱ्याच कोपऱ्यात. पुढचं सगळं नीट पार पडलं.

हात धुताना दयानंदांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"दाबून थांबायचं, हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्हीच, सर. पहिल्या वर्षी."

"मग त्या मशीननं तुझा हात कसा नाही बिघडवला?"

निहारनं नळ बंद केला.

"मी पास होण्यापुरतं केलं, सर," तो म्हणाला. "तुम्ही मन लावून शिकलात."