अकरा नावं

भांडण पाण्याचं होतं, आणि तेही ते किती लावायचं याचं. खालापूरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी जीवनझरा मिशनचा दवाखाना आहे. तिथून तासभर चढलं की खैरवाडी लागते. एप्रिल उजाडला की खैरवाडीच्या बायका झऱ्यापाशी बसून वाटीवाटीनं हंडा भरतात. आणि इकडे मिशनची शिकलीसवरली माणसं वर्षभर इरेला पेटली होती, की बाप्तिस्म्याला कपाळावर ओंजळभर पाणी पुरतं की अख्खा माणूस नदीत बुडवावा लागतो. ठमी सिस्टरला सुरुवातीला हसू यायचं. ती खैरवाडीचीच. अख्खा माणूस बुडेल एवढं पाणी तिनं लहानपणी फक्त पावसाळ्यात पाहिलं होतं.

हसू आटलं ते पैशाची गोष्ट निघाली तेव्हा. परदेशातून येणारी मिशनची मदत तीन वर्षांपूर्वी बंद झाली होती. पगार रखडले, औषधांचं कपाट रिकामं पडलं. मग नवी मुंबईतलं एक नवं, मोठं चर्च पुढे आलं. पगार देऊ, औषधं देऊ, जीप दुरुस्त करू, सगळं करू म्हणालं. अट एकच. मिशनच्या प्रत्येक माणसानं त्यांच्या मताच्या कागदावर सही करायची. कागदात नऊ कलमं होती. आठांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. सातव्यात लिहिलं होतं, की जो मोठेपणी, कळत्या वयात, बुडून बाप्तिस्मा घेतो त्याचाच बाप्तिस्मा खरा. तान्ह्या बाळाला लावलेलं पाणी म्हणजे नुसतं पाणी.

डॉक्टर अनुपम यांनी कागद वाचला आणि तिथल्या तिथे परत केला. "माझ्या आजोबांना, वडिलांना, मला, तान्हेपणीच पाणी लावलं. यावर सही करू म्हणजे सगळ्या घराण्याला खोटं पाडू?" ते रसायनीला एका कारखान्याच्या दवाखान्यात लागले. कंपाउंडर किशोर त्यांच्या मागोमाग गेला. बालवाडीच्या प्रणिताबाईंनीही राजीनामा दिला आणि शेलूला नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेल्या. त्या तत्त्वासाठी गेल्या की स्टेशन जवळ पडतं म्हणून, हे देवच जाणे. मिशनच्या चर्चचे म्हातारे पाळक हरिभाऊ तर आधीच थकून लेकाकडे गेले होते. सगळ्यांनी जाताना ठमीला सांगितलं, की तूही सोड. कुठं जायचं, ते मात्र कुणी सांगितलं नाही. तत्त्वाला चिकटून राहणं त्यांना परवडत होतं, याचा ठमीला फार राग आला.

हरिभाऊंच्या जागी आलेले पाळक अजेय पस्तिशीचे, सरळ माणूस. कुणावर आवाज चढवायचे नाहीत, जेवणाचा डबा स्वतः घासायचे. त्यांनी ठमीला डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं. स्वतः उभे राहिले, तिला खुर्चीत बसवलं.

"सिस्टर, तुमची सही नसेल तर इथं शिकलेली एकही नर्स राहत नाही. मग ते दवाखाना चालवायला पैसे देणार नाहीत. महिनाअखेर कुलूप लागेल."

"आन् डिलिव्हऱ्या?"

"कर्जतला न्याव्या लागतील."

ठमीनं खिडकीतून वर बघितलं. खैरवाडीहून बाई झोळीत घालून खाली आणायलाच तास जातो. पुढं गाडी मिळायची, फाटा गाठायचा, कर्जत गाठायचं. तोवर बाई तरी जाते नाहीतर पोर तरी. चौदा वर्षांत तिनं हे पुरेसं पाहिलं होतं.

पण सही करणं तिला सोपं नव्हतं, आणि त्याला कारण होतं. वाडीत बारशाआधी गेलेलं पोर कुणी मोजत नाही. त्याला नाव नसतं, त्याच्यासाठी कुणी सुतक धरत नाही, त्याच्या आईला चार दिवसांनी कामावर जावं लागतं. हरिभाऊंनी ठमीला शिकवलं होतं, की पोर जगणार नाही असं दिसलं तर माझी वाट बघू नको. उकळून निवलेलं पाणी घे, कपाळावर तीन वेळा लाव, आई सांगेल ते नाव घे. मग त्या पोराला दवाखान्यामागच्या मिशनच्या जमिनीत पुरता यायचं, नाव बाप्तिस्म्याच्या वहीत लागायचं, वर नावाची पाटी लागायची. मंडळीच्या, म्हणजे चर्चला येणाऱ्या घरांतल्या बायका त्या पाटीपाशी बसून मोकळेपणानं रडायच्या. चौदा वर्षांत ठमीनं अशी अकरा पोरं पाण्यात घेतली होती. आठवी तिची स्वतःचीच. अबोली. नऊ दिवस जगली.

अजेय पाळकांनी पेन पुढे केलं. ठमीच्या मनात आलं, आपल्या पोरीचं आपण देवाशी बघून घेऊ. देव काय कागद वाचून ठरवतो? बाकीची दहा नावंही तिला आठवली. पण मिशनमध्ये सह्या करण्यात तिची हयात गेली होती. पोलिओचे तक्ते, औषधांची यादी, शिबिराचा अहवाल. ती मुकाट सही करायची, कागद मुंबईला जायचा, फायलीत बसायचा. आजवर एकही कागद परत डोंगर चढून आला नव्हता. हाही तसाच जाईल, असं तिनं धरलं. काही विचारलं नाही, काही कबूल करून घेतलं नाही. सही करून ती ड्रेसिंगचं सामान उकळायला गेली.

पुढच्या रविवारी उपासना संपता संपता अजेय पाळकांनी बाप्तिस्म्याची वही उघडली. ते म्हणाले, "आपल्यात एक चुकीची समजूत पसरली आहे. बाळाच्या कपाळाला पाणी लावलं की ते तरतं, असं लोक मानतात. हे भगताच्या अंगाऱ्यासारखं झालं. मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. हे बाप्तिस्मे नव्हते. म्हणून ही अकरा नावं मी वहीतून कमी करतो आहे. या लेकरांना आपण देवाच्या दयेवर सोपवू. ठमी सिस्टरांनीही हे लेखी मान्य केलं आहे." आणि त्यांनी एकेक नाव वाचलं. अगदी हळुवार वाचलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे ठमीनं पाहिलं, आणि त्यामुळेच तिला त्यांचा खून करावासा वाटला.

पाचवं नाव होतं दत्ता. हिरूचा पहिला मुलगा. हिरू पुढेच बसली होती, सात महिन्यांचं पोट घेऊन. नाव ऐकल्यावर तिनं वळून ठमीकडे पाहिलं. रागानं नव्हे. रस्ता विचारताना बघावं तसं बघितलं. ठमीनं मान खाली घातली. आठवं नाव आलं तेव्हाही तिची मान खालीच होती.

दहा दिवसांत टेंपो भरून औषधं आली. बाळाला श्वास द्यायची नवी अंबू पिशवी आली, बीपीचं मशीन आलं, जीपला चार टायर आले. दवाखान्याबाहेरचं बाकडं मात्र रिकामं राहिलं. आधी मंडळीच्या बायका यायच्या थांबल्या, मग त्यांचं ऐकून बाकीच्याही. ठमी वाडीत गेली की बायका तिला चहा द्यायच्या, पोटाला हात लावू द्यायच्या नाहीत. तिला वाटे, कुणीतरी आई-बहिणीवरून शिव्या द्याव्यात. शिव्या कुणी दिल्या नाहीत. हिरूचं बीपी मागच्या खेपेला चढलं होतं. या वेळी नववा लागताच दवाखान्यात राहायला यायचं, असं ठमीनं तिला आधीच बजावलं होतं. नववा लागला. हिरू आली नाही.

एका सकाळी हिरूचा नवरा धाकलू धापा टाकत उतरला. "कालधरनं कळा चालल्यात. आय नाय बोलते तुला बोलवाया. मी आपला आलो."

ठमीनं पिशवी उचलली आणि जवळजवळ धावतच डोंगर चढली. दारात सासू बसली होती, दोन्ही हात चौकटीला लावून.

"तू नको येऊ, बाय. तुज्या हातचं आमाला पुरं झालं."

"मावशी, भांडान मागनं कर. पोर आडलंय आत."

"मागलंबी पोर तुज्याच हातात गेलं. तवा आमी तुला काय बोललो? नाव तरी दिलंस म्हनून गप ऱ्हायलो. आता तेबी नाय. आता काय द्याया आलीस?"

आतून हिरूचा आवाज आला, कण्हता, तुटका. "ठमीबाय, माजा दत्ता पान्यातला व्हता का नव्हता? खरं सांग."

"व्हता गं, हिरू! देवाची आन, व्हता."

"मंग सही कशाला केलीस?"

दवाखान्यासाठी केली, तुझ्यासाठी केली, हे सगळं ठमीच्या ओठांवर आलं. नव्या मशीनसाठी, टायरसाठी, तुझं हेच बाळंतपण व्हावं म्हणून. पण दार सासूनं अडवलेलं होतं आणि बाई आत दुसऱ्या दिवसाच्या कळा देत होती. अबोलीवर पाणी सोडायचा तिला हक्क होता. बाकी दहा नावं तिची नव्हतीच, आणि तिनं तीही देऊन टाकली होती. एवढं साधं तिला सही करताना कळलं नव्हतं.

उन्हं डोक्यावर येईतो सासू हलली नाही. मग आत हिरूचं ओरडणं एकाएकी थांबलं, तशी म्हातारी घाबरून स्वतःच बाजूला झाली. ठमी आत शिरली. डोकं अडलं होतं, नाळ गळ्याभोवती दोन वेढे. हात मात्र तिचे चांगलेच होते. पोर तिनं बाहेर काढलं, हिरूचं रक्त थांबवलं. मुलगी होती. निळी पडलेली. ठमीनं घशातला चिकटा काढला, पाठ चोळली, नव्या अंबू पिशवीनं श्वास भरला. धाकलूनं एकशे आठला फोन लावला. गाडी खाली यायलाच तास लागेल म्हणाले. पोरीनं दोन आचके दिले. मग बऱ्याच वेळानं आणखी एक. ठमीनं असं दहाबारा वेळा पाहिलं होतं, पोर जगत नाही हे तिला कळून चुकलं.

तांब्यात उकळून निवलेलं पाणी होतं. विचार करायच्या आत तिची बोटं त्यात गेली. ती वाकली आणि हिरूला हळूच म्हणाली, "नाव काय ठेवू गं?"

हिरूच्या अंगात त्राण नव्हतं. तरी तिनं हात वर केला आणि ठमीचं ओलं मनगट धरलं.

"नको, बाय. नाव नको ठेवू. मागनं काढून घेतात."

ठमीनं हात पदराला पुसला आणि पोर आईच्या कुशीत दिलं. ते अजून श्वास घेत होतं.