काठोकाठ पेला

“दिवसा सुईत दोरा ओवते आई, तोही चष्म्याशिवाय! आणि अंधारून आलं की म्हणे काही दिसत नाही,” मुलगा म्हणाला. “नाटकं आहेत सगळी. तुम्ही तपासा आणि एकदाचं सांगून टाका तिला.”

दवाखान्यात डोळे तपासायचं काम करणारी ती नुसतं ‘हं’ म्हणाली. खुर्चीत अंग चोरून बसलेल्या म्हातारीकडे ती पाहत होती. केस पांढरे झाले होते, गाल आत गेले होते, पण बोलण्याआधी खालचा ओठ दुमडून घ्यायची लकब तीच. वसतिगृहाच्या बाई.

बाईंनी तिला ओळखलं नाही. ओळखणार कशा? तेव्हा ती त्यांच्या कमरेइतकी होती, आणि आता तिच्या डोळ्यांवर रंगीत काचांचा चष्मा होता.

“चला बाई, आतल्या खोलीत.”

तिने दार लावलं आणि कोपऱ्यातला मिणमिणता दिवा तेवढा ठेवला. आता दोघींनी नुसतं बसायचं होतं. डोळ्याच्या पडद्यात एक जांभळट द्रव्य असतं. उजेडात ते विरतं, अंधारात पुन्हा तयार होतं. त्यासाठी अ जीवनसत्त्व लागतं. ते नसेल, तर माणूस कितीही वेळ बसला तरी त्याचा अंधार तसाच राहतो.

तिचा अंधार हळूहळू निवळला. टेबलाची कड दिसली, वाटेतलं स्टूल दिसलं, साडीची कड चुरगाळणारी बाईंची बोटंही दिसली. बाई मात्र भिंतीकडे तोंड करून बोलत होत्या.

“पोटाचं काही ऑपरेशन झालंय?”

“झालंय ना. आतड्याचा बराच भाग काढलाय. तेव्हापासून तेलतूप अंगीच लागत नाही बघा.”

हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांबरोबरच अंगात शिरतं. वाटच बंद झाली होती.

लहानपणी तिलाही संध्याकाळी दिसायचं नाही. बाई तिला जेवणघराच्या एका टोकाला उभं करायच्या, हातात काठोकाठ भरलेला पेला द्यायच्या आणि दुसऱ्या टोकाला स्वतः बसायच्या. ती बाकांना अडखळायची, पाणी सांडायचं. “आली नाटकी!” बाई म्हणायच्या आणि सगळ्या मुली हसायच्या. अ जीवनसत्त्वाचं नारिंगी औषध पाजायला सरकारी माणसं आली, तेव्हा बाईंनीच तिला रांगेतून बाहेर काढलं. “नाटक्यांना औषध नाही.” मावशीने येऊन तिला नेलं, तोवर डाव्या डोळ्याच्या बुबुळावर पांढरं फूल पडलं होतं.

तिने पेला काठोकाठ भरला.

“हा घ्या. समोर टेबल आहे, तिथे नेऊन ठेवा.”

“अगं बाई, सांडेल हो.”

“सांडू दे की.”

बाई दोन्ही हातांनी पेला धरून निघाल्या आणि स्टुलाला धडकल्या. निम्मं पाणी अंगावर, निम्मं जमिनीवर. त्या घाईघाईने गुडघ्यांवर बसून रुमालाने चाचपत फरशी पुसू लागल्या. पाणी एकीकडे होतं, रुमाल दुसरीकडे.

“माझ्या मुलाला सांगू नका हं,” त्या कुजबुजल्या. “सुनेसमोर बोलतो तो मला.”

तिला दया आली नाही. थंडीत गरम पाणी अंगावर घ्यावं तसं बरं वाटलं. तिने त्यांना खुशाल पुसू दिलं.

बाहेर आल्यावर मुलाने विचारलं, “काय, नाटकंच ना?”

डॉक्टरही तिच्याकडेच पाहत होते. नुसती मान हलवायची होती. मग रोज संध्याकाळी बाईंच्या घरी तेच जेवणघर भरलं असतं. पण हे कुणी केलं, ते बाईंना कधीच दिसलं नसतं.

“नाही,” ती म्हणाली. “रातांधळेपणा आहे. अ जीवनसत्त्व संपलंय अंगातलं.”

डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिली.

“दिसायला लागलं की परत आणा यांना,” तिने मुलाला बजावलं. “संध्याकाळीच आणा. मी स्वतः बघणार आहे.”

काही दिवसांनी बाई परत आल्या त्या मुलाच्या पुढे चालत. “पोरी, तुझ्यामुळे माणसात आले गं,” त्या म्हणाल्या. मुलगा बाहेर मोबाइलमध्ये डोकं घालून बसला.

आतल्या खोलीत पुन्हा तोच मिणमिणता दिवा, तेच स्टूल. या वेळी टेबलापलीकडे ती स्वतः बसली, आणि तिने चष्मा काढून ठेवला.

बाईंनी काठोकाठ भरलेला पेला उचलला. स्टुलाला वळसा घालून त्या सरळ येऊ लागल्या. थेंबही सांडला नाही. शाबासकी मिळावी तशी त्यांनी मान वर केली, आणि समोरच्या डोळ्यातलं पांढरं फूल त्यांना दिसलं.

त्या थबकल्या. खालचा ओठ दुमडला गेला.

“तू... ती...”

“नाटकी,” ती म्हणाली.

“अगं, तेव्हा मला वाटलं की...”

“हळू. पाणी सांडेल.”

टेबल हाताच्या अंतरावर होतं, पण बाईंनी पेला ठेवला नाही. ‘ठेव’ असं बाई म्हणेपर्यंत जेवणघरात ती जशी उभी राहायची, तशा आता बाई उभ्या राहिल्या. काठावरचं पाणी हललं.

ती खुर्चीत मागे टेकली. त्या अंधारात आता दोघींनाही सगळं स्वच्छ दिसत होतं. ‘ठेवा’ असं ती म्हणाली नाही.