फान वकीलबाईंचा शिक्का

मित्रांनो, उंचीने मी तुमच्या करंगळीएवढा. रेड्याच्या काळ्या शिंगाचा, खालून गोल, आणि त्या गोलात कोरलेली तीन चिनी अक्षरं: फान त्साय-युन. एवढंच माझं बोलणं. कुणी उचललं, लाल शाईत टेकवलं, कागदावर दाबलं, की मी तेच नाव सांगणार. कागदावर काय लिहिलंय ते मला कुणी विचारत नाही. आमच्याकडे सहीपेक्षा शिक्क्याचा मान मोठा आहे, आणि म्हणूनच तर हा सगळा घोळ झाला.

माझा जन्म शिन्चू गावचा, नगरदेवाच्या देवळामागच्या बोळातला. तिथे पंग नावाचे म्हातारे शिक्के कोरायचे. त्साय-युनचे वडील तांदळाच्या शेवया वाळवण्याचा धंदा करायचे. मुलगी वकिलीची परीक्षा पास झाल्याचं कळलं तसे ते हाताचं पीठही न धुता दुकानात आले.

"पंगदादा, चांगलंसं शिंग काढा. पोरगी वकील झाली माझी!"

"अहो, मग संगजिरं घ्या की. वकिलाला शोभेल."

"नको रे बाबा. दगड पडला की फुटतो, आणि आमचं ध्यान दिवसातून दहा वस्तू पाडतं."

पंगदादा पोट धरून हसले आणि तीन दिवस खपून त्यांनी मला घडवलं. त्साय-युनने मला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. ते मी विसरणार नाही.

आमचं गाव संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यांचं. नोकरी सोडताना कुणी इंजिनिअर खिशातून आराखडे पळवायचा, कुणी मालक उगाच कुणावर आळ घ्यायचा. असल्या भांडणांवर त्साय-युनची वकिली सुरू झाली. मग एका वर्षी चोरांनी एका इस्पितळाचे सगळे संगणक बाहेरून कुलूपबंद केले. डॉक्टरांना रोग्यांचे कागद दिसेनात. त्साय-युन तीन दिवस तिथेच बसून होती. कायद्याने कुणाला कळवायचं, चोरांशी काय बोलायचं, काय बोलायचं नाही, सगळं तिने सांगितलं. तेव्हापासून सायबर सुरक्षेचा प्रश्न आला की लोक तिच्याकडे यायला लागले. पुढे सरकारनेही बोलावलं. देशाच्या सुरक्षेच्या समितीवर ती बावीस वर्षं होती. शेवटी शेवटी कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रं आली, आणि कुठलं यंत्र कायद्यात बसतं, कुठलं धोक्याचं, हे तिलाच विचारलं जाऊ लागलं. त्साय-युनच्या फानबाई झाल्या त्या अशा.

आणि मी? प्रत्येक अभिप्रायाखाली मी होतो. त्या चारचारशे पानं वाचायच्या, समासात पेन्सिलीने भांडायच्या, ते सगळं खोडून कागद स्वच्छ करायच्या आणि मगच मला उचलायच्या. कचेऱ्यांतून लोक म्हणायचे, "फान वकिलांचा शिक्का आहे ना? मग आपण वाचायची गरज नाही." माझी तर मान ताठ व्हायची. काय वेडा होतो मी!

आता फानबाईंची चूक सांगतो. आमच्याकडे शहाणी माणसं दोन शिक्के ठेवतात. एक सरकारदरबारी नोंदलेला, तो घरी कुलपात. दुसरा साधा, पार्सलांच्या आणि पोचपावत्यांच्या कामाचा, तो कचेरीत. फानबाईंनी दुसरा केलाच नाही. "पुढच्या महिन्यात करू" म्हणता म्हणता एकोणतीस वर्षं गेली. समितीचा अभिप्राय मीच, पाण्याच्या बाटल्यांची पावतीही मीच. आणि राहायला कुठे? अननसाच्या वड्यांच्या रिकाम्या डब्यात. तो डबा कू मावशीच्या खणात, आणि खणाला कुलूप नाही.

कू मावशी म्हणजे फानबाईंच्या कचेरीची कारभारीण. फानबाईंपेक्षा बारा वर्षांनी मोठी, तोंडाने फटकळ, जीव लावणारी. फानबाई तिच्या मागे पासवर्डाचा धोशा लावायच्या.

"मावशी, पासवर्ड बदललात का?"

"बदलला बाई, बदलला! महिन्यातून दोनदा डोकं खातेस. बँकेत नाहीत एवढी कुलपं तू माझ्या संगणकाला लावलीस."

हे बोलताना मावशीचा हात माझ्या डब्यावर टेकलेला असायचा. दोघींपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही.

गेल्या मार्चमध्ये एका कंपनीचं कॅमेऱ्यांचं यंत्र समितीपुढे आलं. गावाजवळच्या नानल्याओ बंदरावर ते बसवायचं होतं. येणारी बोट पाहून ती संशयाची की साधी, हे यंत्रच ठरवणार. फानबाई तीन आठवडे त्यावर बसल्या होत्या. "मावशी, याची चित्रं दुरुस्तीच्या नावाखाली कुठल्या देशात जातात, हे कुणी सांगतच नाही," त्या कुरकुरायच्या. "आणि उद्या यंत्राने एखाद्या म्हाताऱ्या कोळ्याला हेर ठरवलं, तर त्याने दाद कुणाकडे मागायची?"

त्या गुरुवारी त्या राजधानीला, तैपेईला, समितीच्या बैठकीला गेल्या. बैठकीच्या खोलीत फोन नेता येत नाही. बाहेरच्या पेटीत ठेवावा लागतो. हा नियम फानबाईंनीच लिहिला होता. दुपारी कंपनीचे तोंग साहेब घामाघूम होऊन आले. हातात जाड फाईल, वर पोचपावती, आत जागोजागी पिवळ्या चिठ्ठ्या.

"मावशी, चार वाजता कागद द्यायचेत. जिथे चिठ्ठी आहे तिथे शिक्का मारा ना."

"बाईंना विचारल्याशिवाय नाही हं."

"अहो, माझं बोलणं झालंय त्यांच्याशी. मी काय तुम्हाला फसवेन?"

मावशीने फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तोंग साहेब घड्याळ बघत सुस्कारे सोडत होते. मावशीला वाटलं, असतील नेहमीसारखे कागद मिळाल्याचे शिक्के. तिने डबा उघडला. तोंग साहेबांनी चिठ्ठीपुरतं पान उचलून धरलं, आणि मी खाली गेलो. त्या पानावर लिहिलं होतं: यंत्र तपासले, वापरास योग्य.

मित्रांनो, मला हात नाहीत. शाई झटकता येत नाही, तिरकं पडता येत नाही. मी चांगला खोल, स्वच्छ उमटलो. आणि मावशी पडली कामाची पक्की! बाईंच्या शिस्तीप्रमाणे तिने पानं पंख्यासारखी पसरली आणि मधली पानं कुणी बदलू नयेत म्हणून प्रत्येक दोन पानांच्या सांध्यावर मला अर्धा अर्धा मारला. बाईंचं संरक्षण करायचं म्हणून मारला. आता पानं बदलली असं म्हणायचीही सोय उरली नाही.

शुक्रवारी समितीकडून फोन आला, तुमचा होकार मिळाला म्हणून. फानबाईंनी मावशीला विचारलं. मावशी रडायलाच लागली.

"मी सांगते सगळ्यांना, मी मारला म्हणून! मला घेऊन जा म्हणावं!"

"मावशी, मारलात तुम्ही, हे खरंच आहे. पण डबा माझा होता."

संध्याकाळी लुओ वकील आले, फानबाईंचे कॉलेजातले मित्र. दार लावून हळूच म्हणाले, "त्साय-युन, सोपं आहे. ठसा बनावट आहे म्हण. हल्ली यंत्रावर हुबेहूब ठसा काढता येतो, हे तूच तर सगळ्यांना शिकवतेस. तुझं नाव वाचेल, मावशी वाचतील, यंत्रही थांबेल."

"आणि तोंगवर बनावट शिक्क्याचा गुन्हा लागेल."

"लागू दे! त्याने काय कमी लबाडी केली?"

"लबाडी केली. बनावट शिक्का नाही केला."

"अगं, कीस काय पाडतेस? एवढुसं शिंग ते. नदीत टाक, म्हणजे ताडून बघायला काही उरणार नाही, आणि मोकळी हो."

मित्रांनो, मी डब्यातून सगळं ऐकत होतो. फानबाईंनी डबा उघडून मला तळहातावर घेतलं. मला नदीची भीती वाटत होती. पण त्या बुडताहेत हेही दिसत होतं, आणि मनात आलं, टाका हो बाई, टाका मला!

चौकशीच्या दिवशी मी पारदर्शक पिशवीत टेबलावर होतो. शेजारी ती फाईल. अध्यक्षांनी विचारलं, "फान वकील, हा ठसा तुमचा आहे?"

लुओ वकील मान खाली घालून बसले होते. फानबाई पाणी प्यायल्या.

"हो. माझ्याच शिक्क्याचा आहे. माझ्याच कचेरीत मारला गेला. पण त्यातलं एकही अक्षर मी वाचलेलं नाही, आणि हे यंत्र मला योग्य वाटत नाही."

"शिक्का कुठे असायचा?"

"डब्यात. खणाला कुलूप नव्हतं."

खोलीत कुणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. ते म्हणाले, "मग गेल्या बावीस वर्षांतले तुमचे बाकीचे अभिप्राय? ते तरी तुम्ही वाचले होते का?"

"सगळे वाचले होते."

"हे आम्ही कशावरून मानायचं?"

भल्याभल्यांना निरुत्तर करणारी ही बाई. पण त्या एवढंच म्हणाल्या, "ते मला सिद्ध करता येणार नाही."

यंत्र थांबलं. तोंग साहेबांची नोकरी गेली. मावशीवर आळ आला नाही. फानबाईंना समितीवरून काढलं, आणि त्यांचा एकूणएक अभिप्राय पुन्हा तपासायचं ठरलं. त्या तपासणीसाठी मी या कपाटात आहे. महिन्यातून कधीतरी कुणी मला बाहेर काढतं, जुन्या ठशाशी ताडून बघतं, पुन्हा पिशवीत घालतं आणि तोंड चिकटवून टाकतं. काळोख असतो, हवा नसते. त्या पानांवर पेन्सिल घेऊन बसलेल्या फानबाई मी बघितल्यात. डोळे चोळत पुन्हा पहिल्या पानावर जायच्या त्या. हे बघणारा दुसरा कुणी नव्हता, आणि माझी साक्ष कोण घेणार?

परवा कपाटाबाहेर कू मावशीचा आवाज ऐकू आला. तपासणी करणाऱ्या साहेबांना विचारत होती, "साहेब, कधी सोडणार हो त्याला?"

"मावशी, हजारांनी कागद आहेत. तपासणी संपेपर्यंत नाही."

"आणि ती संपणार कधी?"

साहेबांनी पुढची फाईल उघडली.

म्हणून सांगतो मित्रांनो, तुमच्या नावाने हो म्हणणारी जी काही वस्तू असेल, शिक्का असो, सही असो, फोनवर टेकवायचं बोट असो, ती दुसऱ्याच्या खणात ठेवू नका. तो दुसरा कितीही जीव लावणारा असला तरी. आणि न वाचता तिला हो म्हणायला लावू नका. तिला नाही म्हणता येत नाही हो.

फानबाई आता सगळीकडे हाताने सही करतात. मावशी जाताना साहेबांना सांगत होती, पत्र साधं विजेच्या बिलाचं असलं तरी त्या तीनदा वाचतात, आणि मगच पेन उचलतात.