पहिलं बटण

फोन यायचा थांबला, हे माझ्या लगेच लक्षात आलं नाही.

ओदिली नोव्हेंबरात गेली. त्यानंतर अलाहुएलाच्या आमच्या घरात दिवसातून एकदाच फोन वाजायचा. दुपारची भांडी घासून झाली की माझ्या सासूबाई तार्सिला, सगळे त्यांना मानाने दोन्या म्हणतात, पुरिस्कालच्या वरच्या डोंगरातून फोन लावायच्या. ओदिली होती तेव्हाही त्यांची वेळ हीच. मायलेकी बराच वेळ बोलत बसायच्या. आता मी उचलायचो. काय जेवलात, असं त्या विचारायच्या. भात आणि काळा घेवडा, मी सांगायचो. बहुतेक वेळा ते खरं असायचं. मग त्या तिकडचं सांगायच्या. वारा फार सुटलाय, एक कोंबडी अंडी कुठेतरी लपवून घालतेय, असलं काहीतरी. मग ठेवते म्हणायच्या. ओदिलीचं नाव दोघंही घेत नव्हतो. तसं काही ठरवलं नव्हतं.

तो फोन यावा असं मला वाटायचं का, तेही नीट सांगता येणार नाही. वाजला की मी उचलायचो. पण दिवसभरात माझ्या तोंडून निघणारे शब्द तेवढेच होते.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात देशभरातले नंबर बदलले. घरच्या नंबराच्या पुढे, अगदी सुरुवातीला, दोनचा आकडा लावायचा, मोबाइलच्या पुढे आठ. कित्येक महिने टीव्हीवर सांगत होते. मी ते ऐकलं होतं, जसं बाकीचं ऐकत होतो तसं. शेजारच्या नौतिलियोंनी मुलाच्या मोबाइलला आठच्या जागी दोन लावला आणि दूरच्या लिमोन शहरातल्या कुठल्या बाईशी बराच वेळ बोलत बसले. शेवटी तिने त्यांना जेवायला बोलावलं. कुंपणापाशी उभं राहून त्यांनी मला हे सगळं सांगितलं. मी हसायला हवं होतं, म्हणून हसलो.

आठवडा संपल्यावर यामिलेतचा फोन आला. यामिलेत ओदिलीची धाकटी बहीण. आईच्या घराच्या खालच्या उतारावर राहते आणि शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. ती म्हणाली की आईच्या फोनवरून कुठेच काही लागत नाही. साठवलेले नंबर सगळे जुने आहेत. बटण दाबलं की रेकॉर्ड केलेल्या बाईचा आवाज येतो, हा नंबर अस्तित्वात नाही. आई त्या बाईशी भांडतेय.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणते, बाई, माझी मुलगी राहते तिथे, मला नको शिकवूस."

मग यामिलेत म्हणाली की तिने स्वतः बदलून बघितलं, पण जमलं नाही. तो फोन तुम्हीच बसवला होता, तुम्हीच या.

बरेच दिवस दुपारी फोन वाजला नव्हता, ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

रविवारी दोन बस बदलून गेलो. पुरिस्कालपासून वर जाणारा रस्ता मार्चमध्ये सगळा धुळीचा असतो. दोन्या तार्सिला दारातच बसल्या होत्या. त्यांना आता माणसाचा आकार तेवढा दिसतो, चेहरा दिसत नाही. माझ्या चालण्यावरून त्यांनी मला ओळखलं. वाळलात, असं म्हणाल्या. दिसत नसताना हे कसं कळलं, असं मी विचारलं. तुमच्या पायाखाली पायऱ्या आता करकरत नाहीत, त्या म्हणाल्या.

फोन स्वयंपाकघरात, भिंतीलगतच्या टेबलावर आहे. त्याला आकड्यांच्या वर तीन मोठी बटणं आहेत. प्रत्येकात एक नंबर साठवता येतो, मग आकडे दाबत बसावं लागत नाही. दोन्यांची नजर जायला लागली तेव्हा मी तो विकत आणला होता. कुठलं बटण कुणाचं ते बोटांना कळावं म्हणून ओदिलीने त्यांच्यावर खुणा चिकटवल्या. पहिल्यावर कॉफीची बी, ते आमचं घर. दुसऱ्यावर मक्याचा दाणा, ते यामिलेतचं. तिसरं कोरं ठेवलं, ते वरच्या वळणावरच्या जीपवाल्याचं.

यामिलेतने कॉफी गाळली आणि चिवेर्रे भोपळ्याचा मुरंबा घातलेल्या करंज्या पुढे ठेवल्या. सणातल्या उरलेल्या होत्या. मी एक खाल्ली. मग फोन पुढ्यात ओढला.

साठवायची रीत सोपी आहे. रिसीव्हर उचलायचा, कोपऱ्यातलं लहान बटण दाबायचं, नंबर घालायचा, मग ज्या मोठ्या बटणात ठेवायचाय ते दाबायचं. बारीक आवाज आला की झालं. ते माझ्या अजून लक्षात होतं.

"पहिल्यावर माझा मोबाइल घाला," यामिलेत म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं.

ती दाराशी गेली, आई बाहेर कोंबड्यांना दाणे टाकतेय याची खात्री केली, आणि हळू आवाजात बोलली. फेब्रुवारीत आई अंगणात पडली, ते तुम्हाला आठवतं ना. सरपटत आत आली आणि सवयीने पहिलंच बटण दाबलं. फोन लागला अलाहुएलाला. तुम्ही मला लावला, तेव्हा मी शाळेत होते, घरचा फोन वाजत राहिला; हा मोबाइल मी त्यानंतर घेतला. मग तुम्ही शाळेचा नंबर शोधला. तेवढा वेळ ती जमिनीवर पडून होती. पुन्हा पडली तर तिचा हात पहिल्याच बटणावर जाणार.

"तुम्ही दोन बस लांब आहात, एवेलियो."

हे सगळं खरं होतं. त्या दिवशी दोन्यांनी फोनवर पडले एवढंच सांगितलं होतं. मी यामिलेतला पाठवतो म्हणालो आणि रिसीव्हर हातात धरून उभा राहिलो, कारण तिचा नंबर मला पाठ नव्हता. असले नंबर ओदिलीच्या डोक्यात असायचे.

"दुसऱ्यावर दवाखाना," यामिलेत पुढे म्हणाली. "तिसऱ्यावर जीपवाला आहे तोच राहू दे."

तिने बोटांवर मोजलं तेव्हा मला कळलं की आमचं घर कुठेच राहत नाही. तिचं चुकत नव्हतं. नंबर गेला की दुपारचा फोन गेला, एवढं मला समजलं. समजलं, पण दुखलं नाही. नोव्हेंबरपासून बऱ्याच गोष्टी अशाच माझ्यापर्यंत येऊन थांबत होत्या.

मी पहिल्या बटणात तिचा मोबाइल घातला, पुढे आठ लावून. बारीक आवाज आला. तपासायला कॉफीची बी दाबली, आणि यामिलेतच्या ॲप्रनच्या खिशात फोन वाजला. तिसऱ्यात जीपवाल्याचा नंबर नवा करून घातला. तो लागलीच उचलून कुठे यायचं विचारू लागला. कुठेच नाही, असं त्याला सांगावं लागलं.

दोन्या आत येऊन खुर्चीवर बसल्या होत्या. केव्हा आल्या, आम्हाला कळलं नव्हतं.

"आणि ओदिलीच्या घरी कसा लावायचा?" त्यांनी विचारलं.

"आई, तिथे आता कोण आहे?" यामिलेत पटकन बोलून गेली. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि कपडा घेऊन आधीच पुसलेलं टेबल पुन्हा पुसू लागली.

"एवेलियो आहेत," दोन्या म्हणाल्या. "हे काय, इथे बसलेत."

यामिलेतने मग सगळं समजावून सांगितलं. पडण्याचं, दवाखान्याचं, बटणं तीनच असल्याचं. दोन्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दवाखान्यात फोन उचलतं कोण?" त्या म्हणाल्या. "पहाटे जाऊन रांगेत उभं राहिलं तरी ती खिडकीतली बाई मान वर करत नाही. तू तिला फोनवर उठवणार?"

"आणि तुला ताप आला तर?"

"तर तुला सांगेन. तू जा रांगेत."

यामिलेत माझ्याकडे बघून म्हणाली, "बघा, हिला काही होत नाही, आपल्यालाच होईल." मी तिच्या परवानगीची वाट बघत होतो. तिने हाताने, घाला म्हणून खूण केली.

दुसऱ्या बटणात मी आमच्या घरचा नंबर घातला, पुढे दोन लावून. बारीक आवाज आला. मी दोन्यांचा हात धरून मक्याच्या दाण्यावर ठेवला. त्यांचं बोट आधी कॉफीच्या बीकडे सरकलं, मग परत आलं.

"हेच का?"

"हेच. दाबून बघा."

त्यांनी दाबलं. त्यांना कमी ऐकू येतं म्हणून रिसीव्हरचा आवाज पूर्ण वाढवलेला आहे, त्यामुळे पलीकडची रिंग आम्हा तिघांनाही ऐकू येत होती. घरी कुणी नाही, उचलणार कोण, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता.

रिंग जात राहिली.

"कोणी उचलत नाही," दोन्या म्हणाल्या.

"मी इथे आहे ना, दोन्या. घरात कोणी नाही."

"माहितेय मला."

पण त्यांनी रिसीव्हर ठेवला नाही. कानाशी धरून बसून राहिल्या. मी खिडक्या लावून निघालो होतो. आमचा फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि कपडे धुवायची जागा पार मागे, परसात. ओदिली मागे असली की हात पुसत येईपर्यंत फोन बराच वाजायचा. तेवढा वाजून झाला. त्याच्याही पुढे वाजत राहिला.

"आई, ठेव आता," यामिलेत म्हणाली.

"थांब गं. वाजू दे."

यामिलेतने आमच्याकडे पाठ केली आणि नळ सोडला. तिच्या हाताखाली एकही भांडं नव्हतं. मी टेबलाची कड धरली होती. बोटं दुखायला लागली तेव्हा मला ते कळलं. दोन्यांचा चेहरा कुणीतरी काही सांगत असावं आणि त्या ऐकत असाव्यात तसा होता.

मग रिंग आपोआप तुटली आणि नुसता सूर ऐकू येऊ लागला. दोन्यांनी चाचपडत रिसीव्हर जागेवर ठेवला.

"लागतो," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो.

नळ चालूच होता. दोन्या ओरडल्या की उन्हाळ्यात पाणी काय सांडतेस, तेव्हा यामिलेतने तो बंद केला. शेवटच्या बसला बराच वेळ होता, तरी मी लवकर निघालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाहेरच्या खोलीत बसलो. वेळ झाली, टळून गेली. मी उठून भात झाकून ठेवला, परत आलो. दोन्यांना बटण सापडलं नसेल, किंवा काल पुरेसं झालं असेल, असं वाटलं. दोन्हीपैकी कुठलं असेल ते मी ठरवत नव्हतो. मग फोन वाजला.

"तुम्हाला नव्हता लावला," दोन्या म्हणाल्या. "म्हणजे तुम्हालाच लावला होता. हात गेला कॉफीवर. यामिलेतने उचलला, मी काही बोलायच्या आत ठेवला, आणि शाळेतून पळत आली. मुलांची ताटं तशीच टाकून. आता इथे बसलीय, बोलायला तिला दम नाही."

मागून यामिलेतचा आवाज आला. दम नाही असं नाही, मी राग गिळतेय, असं ती म्हणत होती. मग तिने रिसीव्हर ओढून घेतला.

"एवेलियो, उद्या हिने पुन्हा तेच केलं तर?"

"करतील," मी म्हणालो. "काही दिवस करतील."

"मग मी काय रोज डोंगर चढू?"

उत्तराची वाट न बघता ती आईला म्हणाली की घे, बोल तुझ्या जावयाशी. आई म्हणाली की बोलून झालं माझं, तूच ठेव. दोघींपैकी कुणीतरी रिसीव्हर ठेवला, पण जागेवर नाही, टेबलावरच. मला कप ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची ओढली गेली. यामिलेत विचारत होती की साखर कुठे ठेवलीस, आणि दोन्या म्हणत होत्या की जिथे तू लपवलीस तिथेच असेल. एक कोंबडी आत शिरली असावी, कारण दोघी मिळून तिला हाकलत होत्या.

मी इकडे फोन ठेवला नाही. खुर्ची जवळ ओढली आणि बसलो.