बाजरी भरलेलं भोत

कडूबाच्या हातात काय कसब होतं ते सांगायचं तर आधी भोत म्हणजे काय ते सांगायला हवं. व्यालेल्या गाईचं वासरू मेलं की गाय पान्हा चोरते. मग त्याच मेलेल्या वासराचं कातडं सोलायचं, मीठ लावून वाळवायचं, आत भुसकट भरून शिवायचं, आणि धारेच्या वेळी गाईपुढे उभं करायचं. गाय त्याला चाटते, हुंगते आणि दूध सोडते. हे भोत. आष्टीच्या आसपासच्या वाड्यांमध्ये कुणाचंही वासरू मेलं की कडूबाला बोलावणं यायचं. आधी त्याच्या बापाला, रखमाजीला यायचं. पण बापाचं भोत म्हणजे चार काठ्यांवर टाकलेलं पोतं. कडूबाचं भोत पाहून गाय सोडा, गाईचा मालकही क्षणभर चरकायचा.

अशा माणसाला अप्पाराव सापडला नसता तरच नवल. अप्पाराव जत्रेजत्रेला तंबू ठोकायचा. दारावर मोठा पडदा, त्यावर जालन्यातल्या टेंपोंच्या मागं कमळं रंगवणाऱ्या पेंटरनं काढलेले राक्षस, आणि वर ठळक अक्षरात 'देशोदेशीची नवलं'. आत अरबस्तानातला दोन तोंडांचा बोकड, आफ्रिकेतला पंखवाला साप, जपानची जलपरी. हे सगळे देश आष्टीच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर, कडूबाच्या छपरात जन्माला आलेले. जलपरीचं धड करडाचं आणि शेपूट गोदावरीतल्या मरळ माशाचं, पण लोक तिला हात जोडायचे. कडूबा कधीतरी तिकीट न काढता आत जाऊन लोकांची तोंडं बघत उभा राहायचा. त्याला त्या तोंडांची चटक लागली होती. माणसाला कशाकशाची लागते, याला ही लागली.

एकोणनव्वद सालच्या हिवाळ्यात त्याच्या बायकोला, साळूला, दिवस भरले. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, नवस करून दोघंही थकले होते, आणि आता आशा सोडल्यावर पाळणा हलला. मुलगी झाली. कडूबानं तिला हातात घेतलं आणि त्याला पहिल्यांदा कळलं, की आपल्या हातांनी आजवर नुसती मेलेलीच कातडी उचललीत. बारशाची तयारी चालली असतानाच पोरीनं दूध ओढायचं बंद केलं. अंग ताठ झालं, जबडा मिटला. परतूरच्या दवाखान्यात न्यायला एसटीत बसले, आणि अर्ध्या वाटेतच उतरून परत आले. नाव ठेवलं नव्हतं म्हणून हाका मारायलाही काही नव्हतं. ओढ्याच्या कडेला खड्डा केला, वर दगड ठेवला, झालं.

साळू रडली नाही. भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच. दूध मात्र यायचं थांबेना, आणि ती कुणाला हात लावू देईना. छाती दगडासारखी कठीण झाली, तापानं अंग फणफणलं. सुईण झुंबरबाई शेकायला, दूध पिळून काढायला बसली, तर साळूनं तिला अशी लाथ मारली की म्हातारी दारात जाऊन पडली. आष्टीचे डॉक्टर घरी येऊन गोळ्या देऊन गेले, त्या तिनं गिळल्या नाहीत. जाताना डॉक्टरांनी कडूबाला बाजूला घेऊन सांगितलं, आत पू धरायला लागलाय, दूध मोकळं झालं नाही तर विष अंगात भिनेल, बाई हातची जाईल.

"कडूबा, जल्दी काय तरी कर बाबा," झुंबरबाई कंबर धरून म्हणाली. "दूध सोडायला तिचं मन लागतंय. मन पार गोठून गेलंय तिचं."

कडूबाला जगात एकच विद्या येत होती. तो उठला आणि छपरात गेला.

कोवळ्या करडाचं कमावलेलं कातडं त्यानं घेतलं, आतल्या अंगाला कापूस लावला. पोटात भुसकट भरून बघितलं, ते फार हलकं लागलं. सरकी टाकली, ती टोचायला लागली. शेवटी बाजरी घेतली. पोर हातात किती जड लागली होती ते त्याच्या हातांना पक्कं आठवत होतं. मूठमूठ बाजरी घालायची, शिवण धरून हातावर तोलायचं, पुन्हा थोडी काढायची. एकदा वजन बराबर जमलं तेव्हा त्याच्या हातातून दाभण गळून पडलं आणि तो गुडघ्यात डोकं घालून ओक्साबोक्शी रडला. मग नाक पुसून पुढची शिवण घातली. तोंड काही त्याला करवलं नाही. पोरीचं न धुतलेलं झबलं घातलं, टोपडं पुढं ओढून बांधलं, आणि ओवा-वेखंडाच्या धुरीवर धरलं.

ते त्यानं साळूच्या पाठीशी ठेवलं आणि दारात जाऊन उभा राहिला, गाईपुढं भोत ठेवल्यावर उभा राहायचा तसाच.

बराच वेळ काही झालं नाही. मग साळूच्या नाकपुड्या हलल्या. ती वळली. टोपड्याकडे नुसती बघत राहिली, आणि हळूच हात लांबवून तिनं ते कुशीत ओढलं. तिच्या झंपरावर ओल उमटली, पसरत गेली. "या माय गं!" म्हणून झुंबरबाई पुढं झाली, आणि या वेळी साळूनं तिला लाथ मारली नाही. पहाटेपर्यंत ताप उतरला.

इथं जर कडूबाचं तोंड गप्प बसलं असतं तर पुढचं काही सांगायलाच लागलं नसतं. पण बायको जगल्याच्या आनंदात कारागिराची फुशारकी मिसळली. आष्टीच्या बाजारात चहाच्या हॉटेलात बद्रीनाथ भेटला, दोन बैलांचा धनी आणि चार गावांचं वर्तमानपत्र. त्याच्यापुढं कडूबा बोलून बसला.

"गाईला कुणी बी फसवील, बद्रीनाथ. म्या माणसाला भोत लावून दाखविलं. पान्हा फुटला, डोळ्यानं बघितलं."

झालं. दुसऱ्या दिवसापासून घरी माणसं यायला लागली. कुणी विस्तव मागायला, कुणी सुई मागायला. ज्यांच्या घरी आगपेट्यांचा ढीग त्यांना विस्तव लागायला लागला. दारातून वाकून बघायचं, साळू भोत घेऊन मांडी हलवत बसलेली असली की एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या आणि विस्तव न घेताच जायचं. कडूबा हे सगळं बघत होता. तंबूतली तीच तोंडं आता त्याच्या दारात उभी होती, आणि आता त्याला ती बघवत नव्हती.

साळू बाकी सगळं करत होती. भाकरी थापत होती, पाणी भरत होती, कुणी बोललं तर बोलत होती. दूध केव्हाच आटलं होतं. पण काम उरकलं की ती झोळीतून भोत काढायची आणि मांडीवर घ्यायची. कडूबा एकदा म्हणाला, "आता बास की." तर ती म्हणाली, "तुमचं काय घेतलंय त्येनं?"

माघ सरता सरता अप्पाराव नव्या मालासाठी आला. दारातून त्यानं साळूला बघितलं, आणि कडूबाला लिंबाखाली घेऊन गेला.

"बोकड जुना झाला, कडूबा. साप बी लोकायला पाठ झाला. पर ही... ही बाई नुसती बसली ना, तर परभणीपासून गर्दी हटायची न्हाई. काय करायचं न्हाई तिनं. बसायचं, बस."

कडूबाच्या हातात कातडं कापायची रापी होती. ती त्यानं उगारली तशी अप्पारावची चप्पल जागीच राहिली आणि अप्पाराव रस्त्याला लागला. साळू दारात येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, पण चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

त्या दिवसापासून कडूबाला एकच ध्यास लागला. ते भोत घरातून गेलं पाहिजे. त्यानं झुंबरबाईला विचारलं.

"राहू दे रे तिच्यापाशी," म्हातारी म्हणाली. "ती आपल्या मनानं ठिवंल खाली. घाई करू नगं."

"गाय सावरली की भोत उकिरड्यावर टाकतेत, मावशे. ह्यो दस्तूरच हाय. गाय दोन रोज हंबरती, मंग इसरती. म्या किती गाई बघितल्या."

"गाई बघितल्यास," म्हातारी म्हणाली, आणि पुढं काही बोलली नाही. बोलायला हवं होतं. पण दारात पडल्यापासून तिची कंबरही गेली होती आणि उमेदही.

साळू पाण्याला गेली तेव्हा कडूबानं झोळीतून भोत काढलं. झबलं आणि टोपडं उतरवून, धुऊन दोरीवर वाळत घातलं, म्हणजे निदान तेवढं तरी तिच्याजवळ राहील असा त्याचा विचार. शिवण त्याचीच होती, सोडवायला वेळ लागला नाही. कातडं त्यानं चुलीत घातलं. बाजरी राहिली. आता अन्न फेकून कसं द्यायचं? तुमच्या-माझ्यासारखा असता तर त्यानं ती कुठंतरी पुरून टाकली असती. पण धान्य वाया घालवायचं नाही हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. त्यानं ती अंगणात कोंबड्यांना टाकली.

साळू डोक्यावर हंडा घेऊन आली. अंगणात कोंबड्या तुटून पडून दाणे टिपत होत्या. दोरीवर झबलं ठिबकत होतं. तिनं कोंबड्यांकडे बघितलं, झबल्याकडे बघितलं. हंडा खाली ठेवला, एक थेंबही न सांडता. मग आत जाऊन चूल पेटवली आणि भाकरी टाकल्या.

कडूबा वाट बघत होता तिच्या हंबरण्याची. ती ओरडेल, डोकं आपटेल, आपल्याला शिव्या घालेल, आणि मग सगळं निवळेल. तिनं काहीच केलं नाही. पुढचे कितीतरी दिवस तिनं साधं मोठ्यानं बोलूनही दाखवलं नाही, आणि या शहाण्यानं त्याचा अर्थ असा लावला की गाईपेक्षा माणूस लवकर विसरतं. तो खूश होऊन पुन्हा कामाला लागला.

चैत्रात शेजारच्या गावची जत्रा भरली, त्या दिवशी साळू घरात नव्हती. पोरीचं झबलंही नव्हतं. कडूबानं आधी विहिरी पालथ्या घातल्या. गावातल्या सगळ्या विहिरींत वाकून वाकून बघितलं, ओढ्याच्या दगडापाशी जाऊन आला, लोकांनी गळ टाकले. कपाळाला हात लावून बसला असताना बद्रीनाथ जत्रेतून आला.

"अरे, तू हितं पाण्यात काय हुडकून राह्यला? तुझी बायको तिकडं तंबूत हाय. बघायला ही गर्दी लोटलीय!"

कडूबा पळत सुटला. पडद्यासमोर माणसांची रांग पार जिलबीच्या दुकानांपर्यंत गेली होती. त्यानं अप्पारावची गचांडी धरली. अप्पाराव शांतपणे म्हणाला, "म्या आणली न्हाई. देवाशप्पथ. आपल्या पायानं आल्ती. बसू का म्हणाली, म्या बस म्हणालो. इचार तिलाच."

आत बोकड, साप आणि जलपरी एका कोपऱ्यात ढकलून ठेवली होती. मधोमध चौकीवर साळू बसली होती. मांडीवर रिकामं झबलं पसरलेलं, आणि ती ते सावकाश थोपटत होती. भोवतीची माणसं टक लावून बघत होती. कुणी हसत नव्हतं. एक म्हातारी पदराला डोळे पुसत होती.

कडूबा चौकीशी गेला. "साळू, घरी चल. म्या दुसरं करून देतो. हुबेहूब. चल."

तिनं वर बघितलं. डोळे स्वच्छ होते, वेडबीड काही नव्हतं त्यांत.

"त्ये बाजरीचं हाय हे मला पहिल्याच दिशी कळलं व्हतं," ती म्हणाली. "हातात घेतल्याबराबर. दाणा सरकतो की आत."

"मंग?"

"मंग काय? गाईला बी कळतंय. तुमाला वाटतंय गाय फसती. आपलं लेकरू मेलंय हे तिला कळत नसंल व्हय? तिच्या लेकराचं एवढंच ऱ्हायलंय म्हणून चाटती ती. तेवढं बी तुमी कोंबड्याला घातलं."

आजवर केलेली सगळी भोतं आणि त्यांना चाटणाऱ्या सगळ्या गाई कडूबापुढं उभ्या राहिल्या, आणि त्याला स्वतःची इतकी शिसारी आली की त्यानं चौकीची कड घट्ट धरली.

"चुकलो म्या. घरी चल, साळू. ही लोक तमाशा बघून राह्यली तुझा."

"बघू द्या की. घरी बी बघतच व्हती." तिनं झबल्याची चुणी सरळ केली. "हितं मला कुणी इसर म्हणत न्हाई."

अप्पारावची घंटा वाजली. बघून झालेल्यांनी बाहेर पडायचं, पुढच्यांनी आत यायचं. गर्दीचा लोंढा आला आणि कडूबा त्याच्याबरोबर मागच्या कनातीतून बाहेर ढकलला गेला. तो वळसा घालून पुन्हा पुढं आला. अप्पाराव तिकिटं फाडत होता. त्यानं मान खाली घालून कनात बाजूला केली.

"जा असाच. तुला कशाला तिकीट?"

कडूबा तिथंच थांबला. नवरा म्हणून आत जाऊन तो काय बोलणार होता? त्यानं खिशात हात घातला, तिकीट घेतलं, आणि जिलबीच्या दुकानापाशी जाऊन रांगेच्या शेवटी उभा राहिला.